ट्रॉलीवाले वकील, दुसरा मजला, लिफ्ट नाही

पहिलंच सांगून टाकते, वकिलांचं नाव मी लिहिणार नाहीये. लिहिणारे म्हणलं तर तेच म्हणाले, "ताई, लिहा पण नाव नको. आम्हाला जाहिरात चालत नाही, बार कौन्सिलचा नियम ३६ आहे, तुम्ही कौतुक करायला जाल आणि नोटीस मला यायची." म्हणून नाव नाही, फोन नंबर नाही. पण सांगलीत विजयनगरला कोर्टासमोरच्या चहाच्या गाड्यावर "ट्रॉलीवाले वकील कुठं बसतात ओ?" एवढं विचारलं की कोणपण बोट दाखवेल. हे टोपणनाव आवडत नाही असं ते म्हणतात, तोंडावरनं तसं दिसत नाही.

आमचं त्यांच्याकडं येणंजाणं पाच वर्षांच्या वर झालं, त्यामुळं दोन ओळीत "छान सर्व्हिस" लिहून भागणार नाही. ज्यांच्या घरात अपघाताचा क्लेम चाललाय त्यांनी वाचा, बाकीच्यांनी सोडा.

माझा धाकटा भाऊ, घरात सगळे बारक्याच म्हणतो. जानेवारी २०२० ला तो २९ वर्षांचा होता, स्वतःचा छोटा हत्ती टेम्पो होता आणि मार्केट यार्डातनं हळदीची पोती, गुळाचे रवे असली भाडी मारायचा. त्या दिवशी गाडी गॅरेजात कामाला लावली म्हणून मोटरसायकलवर तासगावला गेल्ता. ऊसाचा सीझन भरात, रात्री साडेनऊला परत येताना कवलापूरजवळ रस्त्यावरच उभ्या केलेल्या ऊसाच्या डबल ट्रॉलीला मागनं जाऊन धडकला. सांगलीकरांना वेगळं सांगायला नको, काळोखात मागं लाईट नाही, रेडियम नाही, ऊसाची टोकं लोंबतायत आणि समोरनं येणाऱ्या गाडीचा हेडलाईट डोळ्यात, जवळ जाईपर्यंत ट्रॉली दिसतच नाही. उजव्या मांडीचं हाड मोडलं, गुडघ्याची वाटी फुटली. तीन ऑपरेशनं, रॉड, प्लेट. बायकोच्या पदरात आठ महिन्यांचं पोर. मग फाईल माझ्याकडं आली, कारण मी पिग्मी एजंट आहे, रोज विश्रामबागभर फिरून लोकांची बचत गोळा करते आणि आकड्यांना घाबरत नाही एवढीच माझी क्वालिफिकेशन.

वकिलांच्या आधी एजंट भेटला. मिरजेतल्या एका हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये भाऊ अजून ग्लानीत आणि एक माणूस येऊन माझ्या शेजारी बसला, पुडीतली बडीशेप पुढं केली, आणि म्हणाला क्लेम आम्ही करून देतो, तुम्हाला एक रुपया खर्च नाही, आल्यावर २५ टक्के आमचे, फक्त हितं सही करा. कोरं वकीलपत्र होतं. मी सही केली नाही ती शहाणपणानं नाही हो, चष्मा घरी राहिला होता आणि न वाचता सही करायची नाही ही पिग्मीच्या धंद्यातली सवय. नंतर कळलं की निकालावर टक्केवारी ठरवून फी घ्यायची आपल्याकडं वकिलाला बंदीच आहे, तोही बार कौन्सिलचाच नियम. माझा एक भाचा अमेरिकेत असतो तो हसायला लागला, म्हणाला मावशी इकडं हायवेवर वकिलांचे मोठाले बोर्ड असतात, अपघात झालाय का, फोन करा, आणि फी म्हणजे मिळालेल्या रकमेचा तिसरा हिस्सा, हरलो तर काही नाही, आणि केस चालली तर नुकसान किती झालं ते गावातले साधे लोक ज्युरीत बसून ठरवतात. मी म्हणलं आपल्याकडं बोर्ड नाही, ज्युरी नाही, टक्केवारी पण नाही, हॉस्पिटलातली बडीशेप तेवढी आहे.

तर वकीलसाहेब. मूळचे जत तालुक्यातले, वडील एसटीत कंडक्टर, शिक्षण कोल्हापूरच्या शहाजी लॉ कॉलेजला, आणि प्रॅक्टिसला आता ३१ वर्षं होतील. ह्यातली पहिली १२ वर्षं ते विमा कंपनीच्या बाजूनं उभे राहायचे. म्हणजे आपल्यासारख्यांना पैसे कमीत कमी कसे मिळतील ते बघायचं काम, आणि ते त्यांनी नीट केलं असणार कारण जुने कारकून अजून त्याच्या गोष्टी सांगतात. मग बाजू का बदलली? कोर्टात एक गोष्ट फिरते की कुठल्यातरी विधवा बाईचा क्लेम लायसन्सच्या मुद्द्यावर यांनी पाडला, ती बाई पायऱ्यांवर बसून रडली आणि यांनी दुसऱ्या दिवशी कंपनीचं वकिलांचं पॅनल सोडलं. मी त्यांनाच विचारलं. म्हणाले, "कसली बाई आणि कसल्या पायऱ्या, कंपनीनं माझी दोन वर्षांची बिलं थकवली होती." मला हे उत्तर लय आवडलं. त्या क्षणी ठरवलं की हा माणूस मला गोष्टी सांगून गुंडाळणार नाही.

पण त्या १२ वर्षांचा फायदा आम्हाला पहिल्याच भेटीत झाला. मी पिशवीभर कागद घेऊन गेल्ते, बिलं, डिस्चार्ज कार्ड, फिर्याद, पंचनामा, एक्स-रे. त्यांनी पिशवीकडं बघितलं पण नाही. पहिला प्रश्न, "ट्रॉलीचा नंबर काय?" मी ट्रॅक्टरचा नंबर सांगितला. "तो नको, ट्रॉलीचा." आता ट्रॉलीला वेगळा नंबर असतो, वेगळं रजिस्ट्रेशन असतं, वेगळा विमा लागतो हे मला कुठलं माहीत. पंचनाम्यात पण ट्रॅक्टरचाच नंबर, ट्रॉलीपुढं नुसतं "ऊसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या". साहेब म्हणाले, "ओढत होता ट्रॅक्टर, पण पोरगा धडकला ट्रॉलीला. मी कंपनीचा वकील असतो तर म्हणलो असतो, आमची पॉलिसी ट्रॅक्टरची आहे, शेतीकामाची आहे, ट्रॉलीचं आम्हाला काय सांगता."

बारक्याच्या दोस्तानं त्या रात्री मोबाईलवर फोटो काढलेले. एकात मागच्या ट्रॉलीची पाटी अर्धी दिसत होती, वर पाचट आलेलं. साहेबांनी माझ्या हातातनं मोबाईल घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि फोटो दोन बोटांनी मोठा करत करत डोळ्याला लावला, पाच मिनिटं एक शब्द नाही. मग ज्युनियरला म्हणाले, शेवटचा आकडा ३ आहे का ८, दोन्ही नंबर आरटीओला टाक. आठ निघाला. मालकाला कागद हजर करायची नोटीस काढली, तो आधी विमाच नाही म्हणत होता, शेवटी निघालं काय तर ट्रॉलीचा विमा त्याच कंपनीत होता आणि अपघाताच्या तारखेला चालू होता. पुढं कंपनीनं कोर्टात लेखी म्हणणं दिलं त्यात हाच मुद्दा काढलेला, अगदी साहेब बोलले होते त्याच शब्दात. मी ते वाचून हसले तर ज्युनियर म्हणाला, ताई त्यात नवल काय, कंपनीचा तो ड्राफ्ट एके काळी साहेबांनीच करून दिलेला.

मधे लॉकडाऊन आला आणि अर्ज दाखल व्हायला नोव्हेंबर २०२० उजाडला. आमच्या वेळी क्लेमला मुदत नव्हती म्हणून निभावलं. आता तसं नाही, १ एप्रिल २०२२ पासून कायदा बदलला आणि अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज टाका असं त्यात आलंय. त्या मुदतीवर सुप्रीम कोर्टापर्यंत वाद गेलाय पण साहेब म्हणतात वादाच्या भरवशावर घरी बसू नका. बऱ्याच जणांना वाटतं आधी पोरगं बरं होऊदे मग बघू, तसं करू नका. आणि अपघात कुठंही झाला तरी तुम्ही जिथं राहता तिथल्या ट्रिब्युनलला, म्हणजे अपघाताचे क्लेम चालवणाऱ्या कोर्टाला, अर्ज चालतो, आमच्या शेजाऱ्यांचा अपघात खंबाटकी घाटात झालेला तर ते उगाच साताऱ्याला हेलपाटे घालायच्या तयारीत होते.

आता पैसे कसे मोजतात ते सांगते कारण हे कोणी समजावून सांगत नाही आणि साहेबांनी कॉजलिस्टच्या, म्हणजे कोर्टातल्या त्या दिवशीच्या केसेसच्या यादीच्या, पाठकोऱ्या बाजूवर पेनानं मला दहा मिनिटांत समजावलं. महिन्याची कमाई धरायची, ती वर्षाची करायची. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत असेल तर पुढं कमाई वाढली असती म्हणून तीत ४० टक्के घालायचे, हे सुप्रीम कोर्टानं २०१७ च्या प्रणय सेठी केसमध्ये ठरवलं. मग वयाप्रमाणं गुणक, तो तक्ता २००९ च्या सरला वर्मा केसमधला, २६ ते ३० वयाला १७, वय वाढेल तसा उतरत उतरत पासष्टीच्या पुढं ५. आणि जखमी माणूस असेल तर ह्या सगळ्याला अपंगत्वाच्या टक्क्यानं गुणायचं. खरी मारामारी ह्या टक्क्यावर असते. सर्टिफिकेटवर बारक्याच्या पायाचं अपंगत्व ३८ टक्के होतं, मी म्हणलं म्हणजे ३८ टक्केच मिळणार. साहेब म्हणाले नाही, पाय किती टक्के गेला ते डॉक्टर सांगणार, धंदा किती टक्के गेला ते कोर्ट सांगणार. २०११ ची राजकुमार विरुद्ध अजयकुमार म्हणून केस आहे त्यात सुप्रीम कोर्टानंच उदाहरण दिलंय, एखाद्याचा डावा हात गेला तर डॉक्टरच्या हिशोबानं साधारण ६० टक्के, पण तो ड्रायव्हर नाहीतर सुतार असेल तर त्याची कमाई जवळपास सगळीच गेली आणि तोच सरकारी क्लार्क असेल तर नोकरी राहू पण शकते. हे ऐकून मला जरा धीर आला. घरी येऊन बारक्याला सांगितलं तर तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला, म्हणजे मी जेवढा बाद तेवढं चांगलं का? त्यावर मला काय बोलायचं सुचलं नाही.

कमाईचा पुरावा हा दुसरा घोळ. टेम्पोवाल्याला कुठली सॅलरी स्लिप. यार्डातला एक हळद व्यापारी, भला माणूस, बारक्याच्या भाड्याची नोंद रजिस्टरात ठेवायचा. पण त्याची जुनी रजिस्टरं गावभागातल्या घरी होती आणि २०१९ च्या ऑगस्टात महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं त्यात सगळी भिजून लगदा झाला. उरलं ते सप्टेंबर ते जानेवारीचं एकच रजिस्टर, हळदीचे डाग पडलेलं. साहेबांनी व्यापाऱ्यालाच साक्षीला बोलावलं. कंपनीच्या वकिलानं विचारलं, बाकीची रजिस्टरं कुठायत, आहेत का मुळात? व्यापारी म्हणाला, "कृष्णेत आहेत साहेब." कोर्टात हशा पिकला. सांगलीच्या कोर्टात महापुराचा पुरावा काय मागणार. आम्ही १५ हजार मागितले होते, कोर्टानं महिना १२ हजार धरले.

आता उलटतपासाचं सांगते, त्यासाठीच खरं लिहायला बसले. वकील अनुभवी आहे म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी दिसलं. कंपनीनं ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला साक्षीला आणलं. त्यानं सरतपासात, म्हणजे कंपनीच्याच वकिलानं विचारलं तेव्हा, पढवल्यासारखं सांगितलं की मागचं चाक पंक्चर झालं म्हणून ट्रॉली बाजूला घेतलेली, मागं लाल लाईट चालू होता, रेडियम होतं, झाडाच्या फांद्या टाकलेल्या, मोटरसायकलवालाच जोरात आला. मी मागच्या बाकावर बसून दात खात होते. साहेब उठले आणि लाईटचं नावच काढीनात. गाव कुठलं, त्या दिवशी खेप कितवी, काट्यावर किती वेळ थांबलात, जेवलेला का. बिचारा खुलला, चांगला मोकळा बोलायला लागला. मग म्हणाले, पंक्चर कुठलं चाक? मागच्या ट्रॉलीचं डावीकडचं. कुणी खोललं? मी आणि किन्नरनं. जॅक लावताना अंधार असेल? व्हय, मिट्ट काळोख. मग नट दिसले कसे? किन्नरनं मोबाईलची बॅटरी धरली की. साहेब इतक्या सहज म्हणाले, घरातलं माणूस विचारतं तसं, "का ओ, मागच्या लाल लाईटचा उजेड पुरंना का?"

आणि तो म्हणाला, "इंजिन बंद केल्यावर लाईट कशी लागंल साहेब."

कोर्टानं ते उत्तर जसंच्या तसं टायपिस्टला सांगून घेतलं. मला वाटलं आता साहेब त्याला झोडपणार, खोटं बोललास म्हणणार, टीव्हीत दाखवतात तसं. ते खालीच बसले. बाहेर आल्यावर मी विचारलं सोडलं का त्याला? म्हणाले, पुढचा प्रश्न विचारला असता तर त्यानं चूक दुरुस्त केली असती. बाहेर व्हरांड्यात तो ड्रायव्हर बारक्याच्या जवळ येऊन उभा राहिला, पाय कसाय विचारलं. बारक्यानं चुन्याची डबी पुढं केली. दोघं बराच वेळ छोटा हत्तीच्या ॲव्हरेजबद्दल बोलत होते, मला राग आला होता खरं सांगायचं तर.

डॉक्टरांच्या साक्षीला दोन तारखा फुकट गेल्या, ऑपरेशन आहे, परगावी आहे. तिसऱ्या वेळी आले. तिथं पण साहेबांनी टक्क्यावर वाद घातला नाही. विचारलं की उजवा गुडघा किती वाकतो, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर कुठल्या पायाचे, भरलेली गाडी एकदम थांबवायची तर ह्या पायाला तेवढा जोर येईल का, ५० किलोचं पोतं पाठीवर घेऊन हौद्यात चढता येईल का. डॉक्टर प्रत्येकाला नाही म्हणत गेले. ३८ चा आकडा कागदावर तसाच राहिला आणि कोर्टानं कमाईचं नुकसान ५० टक्के धरलं. आम्ही १०० मागितले होते, ते मिळणार नाहीत हे साहेबांनी आधीच सांगितलेलं.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत, म्हणजे नाहीतच. संध्याकाळी सातनंतर लावा म्हणतात, सातनंतर लावला तर ज्युनियर उचलतो आणि "साहेब क्लायंटबरोबर आहेत" म्हणतो, अरे मग मी कोण? दुसरं, ज्युनियरनं बारक्याच्या प्रतिज्ञापत्रात एके ठिकाणी उजव्या पायाच्या जागी डावा पाय टाईप केला. बारक्यानं न वाचता सही केली, त्या दिवशी मी बरोबर नव्हते. कंपनीच्या वकिलानं बरोबर तेवढंच धरलं, नक्की कुठला पाय मोडला तुमचा, दोन वेगवेगळे पाय कसे. साहेबांनी उठून कबूल केलं की चूक माझ्या ऑफिसची आहे, दुरुस्तीचा अर्ज देतो. दिला, पण तारीख गेली आणि पुढची दोन महिन्यांनी पडली. ज्युनियरला ते आमच्यासमोर काही बोलले नाहीत, मला म्हणाले चुकलं. एवढंच, चुकलं. मी तरी अजून ते विसरले नाही.

तिसरी तक्रार जरा मोठी आहे. २०२२ ला लोक अदालतीत कंपनीनं साडेसहा लाखाची ऑफर दिली. आमच्याकडं कर्ज होतं, छोटा हत्ती विकलेला, ३ लाख ८६ हजाराची तर नुसती दवाखान्याची बिलं होती. बारक्याच्या सासरचे म्हणत होते घ्या आणि मोकळे व्हा. मला साहेबांकडनं एक वाक्य पाहिजे होतं, घ्या किंवा घेऊ नका. ते देईनात. परत पाठकोरा कागद काढला, चाललं तर इतकं येऊ शकतं, तीन एक वर्षं लागतील, मागनं धडकलाय म्हणून कोर्ट थोडी चूक तुमच्यावर पण टाकेल, तेवढं कापून सुद्धा ह्याच्या दुपटीच्या वर जाईल असं वाटतं, पण लिहून देणार नाही. निर्णय तुमचा. मी चिडून म्हणलं साहेब आम्ही पैसे कशाचे देतो मग? तर म्हणाले भाजीला पैसे नाहीत असं घर असेल तर साडेसहा लाख आज जास्त आहेत, तुमच्या घरात काय आहे ते मला दिसत नाही. मला अजूनही वाटतं त्यांनी स्पष्ट बोलायला हवं होतं. आई म्हणाली थांबू. आम्ही थांबलो, तीन वर्षं माझ्या कमिशनवर आणि वहिनीच्या शिलाईवर घर चाललं.

निकाल जुलै २०२५ ला लागला. कमाईचं नुकसान १७ लाख १३ हजार ६००, त्यात दवाखान्याची बिलं, बुडालेले आठ महिने, त्रासाचे वगैरे धरून सगळे मिळून २३ लाख ४५ हजार ६००. त्यातनं २० टक्के बारक्याची स्वतःची चूक म्हणून वजा, राहिले १८ लाख ७६ हजार ४८०, वर अर्ज टाकला त्या दिवसापासून साडेसात टक्के व्याज. मी पुकारा झाल्यापासून वहीत लिहून घेत होते, पैशाला पैसा जुळला. २० टक्क्याचं मला वाईट वाटलं, कारण तो ड्रायव्हर स्वतःच्या तोंडानं म्हणालेला लाईट नव्हती. साहेब म्हणाले मोटरसायकलला हेडलाईट होता ना, कोर्ट तेवढं विचारणारच, मी कंपनीकडनं असताना असल्या केसमध्ये ५० टक्के कापून आणलेत.

मग कंपनी अपिलात जाणार अशी हूल उठली. ९० दिवसांची मुदत असते, ते ९० दिवस आमच्या घरात कोणी धड जेवलं नाही. आधी अपील म्हणजे मुंबई, वेगळा वकील, वेगळा खर्च. पण १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच चालू झालं आणि सांगली सातारा दोन्ही त्यात आले, साहेब म्हणाले टाकू दे अपील, सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येऊ. नाही टाकलं शेवटी. डिसेंबरात व्याजासकट पंचवीस लाखाच्या वर रक्कम ट्रिब्युनलात जमा झाली. सगळी हातात मिळत नाही बरं का, काही भाग कोर्टानं राष्ट्रीयीकृत बँकेत एफडीत ठेवायला सांगितलाय, पाच वर्षं. बारक्या कुरकुरला. मी पिग्मीवाली, मला बरं वाटलं.

फी म्हणाल तर ठरवून घेतली होती, ६५ हजार, सहा हप्त्यात. टायपिंग, झेरॉक्स, समन्सचा भत्ता वेगळा, त्याच्या पावत्या मिळाल्या. रक्कम मोठी आली म्हणून शेवटी मी पाकीट पुढं केलं तर घेतलं नाही, पेढ्यांचा बॉक्स मात्र घेतला आणि त्यातला एक तिथंच खाल्ला, डायबेटीस असून.

आणि ऑफिस. उभ्या आयुष्यात हातपाय मोडलेल्या लोकांची कामं केली त्या माणसाचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही! जिना अरुंद, ३४ पायऱ्या, बारक्यानं कुबड्यांवर मोजलेल्या आहेत. पहिल्या वेळी अर्ध्यातच बसला, घाम फुटलेला. मी वर जाऊन सांगितलं तर साहेब काही न बोलता फाईल घेऊन खाली आले, गेटजवळ लावलेल्या कुणाच्या तरी ॲक्टिव्हाच्या सीटवर फाईल उघडली आणि उभ्या उभ्या पाऊण तास बारक्याला विचारत राहिले. ती ॲक्टिव्हावाली बाई येऊन थांबली, तिला म्हणाले पाच मिनिटं ताई, आणि वीस लावली. त्यानंतर दर वेळी खालीच. चांगलंय, पण मी म्हणते ३१ वर्षांत तळमजल्यावर एक गाळा नाही मिळाला?

पाचपैकी चार देते. एक कापला त्यातला अर्धा जिन्याचा, अर्धा डाव्या पायाचा.

जाणार असाल तर कोर्टाच्या दिवशी दुपारी दोन ते पावणेतीन जेवणाच्या सुट्टीत भेटतात, नाहीतर शनिवारी सकाळी. बिलं तारखेप्रमाणं लावून न्या, अपघाताच्या जागेचे फोटो असतील तर ते मोबाईलमधनं डिलीट करू नका, आणि ट्रॉली असेल तर ट्रॉलीचा नंबर. पेशंट बरोबर असेल तर वर चढवू नका, खालनं कुणाला तरी वर पाठवा, फोन लावत बसू नका, उचलणार नाहीत.